ओढ्यावरचा पांढरा दोर

मी एक जुना दोर आहे. जाडी तुमच्या अंगठ्याएवढी. लांबी पूर्वी ओढ्याच्या या काठावरच्या झाडापासून त्या काठावरच्या खडकापर्यंत आरामात पुरायची. सध्या मी कुठे पडलोय ते सांगेन, पण तोवर नाक धरायची तयारी ठेवा.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला. नायलॉनचे केसासारखे धागे, धाग्यांचे पीळ, पिळांचा गाभा आणि गाभ्यावर विणलेलं कवच. कवचाने घासायचं, गाभ्याने वजन पेलायचं. दिसतं ते कवच. जीव असतो गाभ्यात.

मला कप्तानाने विकत घेतलं. तो बोटीवरचा कप्तान नव्हे. शहरातल्या माणसांना रविवारी सकाळी व्हॅनमध्ये भरायचं, डोंगराच्या पायथ्याशी आणायचं, ओढा ओलांडून पलीकडच्या डोहावर न्यायचं, जेवू घालायचं आणि अंधार पडायच्या आत घरी सोडायचं, हा त्याचा धंदा. गळ्यात शिट्टी असायची, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणत. ओढा कमरेएवढाच होता, पण ओढ भयंकर. ओलांडायच्या जागेच्या जरा खाली पाणी मोठमोठ्या दगडांवर आपटत उतरायचं. तिथे माणसांनी मला धरून पलीकडे जायचं. एवढंच माझं काम.

अशा गोष्टीत इथे स्वतःचं कौतुक सांगायचं असतं. सांगून टाकतो. पहिली काही वर्षं कप्तान मला बांधण्याआधी डोळे मिटून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, उघड्या तळहातातून सरकवायचा. कुठे गाठ, कुठे मऊ जागा, कुठे तुटलेला धागा, हे त्याच्या हाताला कळायचं. "बायकोपेक्षा याच्यावर जास्त विश्वास आहे माझा," असं तो म्हणायचा. घरी त्याची बायको म्हणायची, "मग त्यालाच सांगा उद्या डबे भरायला."

कौतुक संपलं.

आता हात. मला माणसांचे चेहरे माहीत नाहीत, हात माहीत आहेत. आणि मित्रांनो, तुमच्या हातांची मला किळस येते. वेफर्सचा मसाला लागलेला हात. उन्हाचं मलम थापलेला, माशासारखा निसटणारा हात. नाकात जाऊन आलेलं बोट. ते मला बरोबर ओळखू येतं. उष्टा हात, चाटलेला हात, चाटून परत मला धरलेला हात. एक हात झुडपामागून आला. समोर एवढा ओढा वाहत होता, पण त्याने पाण्यात हात धुतला नाही. माझ्यावर पुसला.

हे सगळं मी वर्षानुवर्षं अंगात मुरवलं. काळवंडलो. शेवाळ धरलं. थोडा बुळबुळीत झालो, हेही मान्य. पण गाभा ठणठणीत होता.

मग एका रविवारी गॉगलवाली आली.

"ई! हा दोर आहे की कुणाचं शेपूट?"

"मॅडम, धरा हो, काही होत नाही," कप्तान म्हणाला.

"काही होत नाही कसं? वास बघा त्याचा! मी नाही हात लावणार."

तिने मला कागदी रुमालात धरलं. पलीकडे गेल्यावर तो रुमाल पाण्यात टाकला आणि बाटलीतलं जंतुनाशक हातावर चोळत बसली. संध्याकाळी सहलीच्या ग्रुपवर तिने माझा फोटो टाकला. खाली बाकीच्यांनी नाक मुरडलेले पिवळे चेहरे चिकटवले. माझ्या अंगावर आपलं नाक पुसून गेलेले तेच लोक!

कप्तान घरी जाऊन बायकोला म्हणाला, "अगं, दोराचं काहीतरी कर. लोकांना घाण वाटतेय."

तिला सगळे वहिनी म्हणत. सहलीचे डबे ती भरायची, टॉवेल ती धुवायची, पण डोह तिने कधी पाहिला नव्हता. रविवारी ती व्हॅनला हात करायची आणि घरात वळायची. तिने मला न्हाणीघरात नेलं, बादलीत गुंडाळून ठेवलं आणि वर ब्लीच ओतलं. नुसतं झाकणभर नाही. वहिनीचा हात सढळ.

मित्रांनो, तुम्ही कधी आतून भाजला आहात का?

ते कवचातून शिरलं, पिळांत उतरलं, गाभ्यात पोहोचलं आणि तिथे ठाण मांडून बसलं. धागे कडक झाले, मग ठिसूळ. मी दिवसभर त्या बादलीत होतो. दुपारी वहिनीने ब्रशने घासलं, तेही मायेने, गाणं गुणगुणत. वाळत घातलं तेव्हा शेजारीण म्हणाली, "अगंबाई, नवा आणला?"

"नाही गं, जुनाच आहे. नुसता धुतलाय."

मी पांढराशुभ्र झालो होतो. इतका पांढरा मी जन्मलो तेव्हाही नव्हतो.

लोक खूश. माझ्याबरोबर फोटो काढू लागले. गॉगलवालीने ग्रुपवर अंगठा दाखवला. त्यानंतर प्रत्येक सहल झाली की मी बादलीत. प्रत्येक वेळी तेच ब्लीच. कप्तानाच्या तळहाताची सालं निघायला लागली, तेव्हा त्याने जाड हातमोजे घेतले. पांढऱ्या दोरावर ते शोभूनही दिसायचे. बांधण्याआधी तो मला हातातून सरकवायचा अजून, सवय म्हणून. पण मोज्यातून त्याला मी गुळगुळीत लागायचो. त्याला वाटायचं, सगळं ठीक आहे.

मी घाणेरडा होतो तेव्हा दहा माणसं पेलायचो. स्वच्छ झाल्यावर स्वतःचंच वजन जड व्हायला लागलं. आणि हे सांगायला मला तोंड नव्हतं.

त्या रविवारी वहिनी पहिल्यांदा सहलीला आली. आदल्या दिवशी वर डोंगरात पाऊस झाला होता. ओढा फुगला होता, छातीला लागत होता. कप्तानाने कसंबसं मला दोन्हीकडे बांधलं आणि तो परत अलीकडे आला.

"वहिनी आधी!" लोक ओरडले. "वहिनींचा मान!"

"अगं जा. मी आहे ना," कप्तान म्हणाला.

वहिनी साडीचा पदर खोचून उतरली. मोजे नाहीत, रुमाल नाही. तिचे हात मी ओळखले. तेच हात, ब्रश धरणारे. मधोमध आल्यावर तिचा पाय घसरला आणि तिने मला करकचून आवळलं. माझं कवच तिच्या मुठीत पिठासारखं झालं.

तिने मूठ उघडून पाहिली. तळहातावर पांढरा भुगा होता.

"अहो!"

"काय झालं? पुढे बघ, खाली बघू नकोस!"

"अहो, याचा भुगा होतोय! ब्लीचमध्ये राहिलेल्या आपल्या त्या टॉवेलचा झाला होता तसा!"

"कसला टॉवेल? फोटो काढतायत, हस जरा!"

"आग लागो तुमच्या फोटोला! तुटतोय हा!"

कप्तानाला आधी हसू आलं. मग त्याने एक मोजा दातांनी ओढून काढला आणि झाडाजवळ मला उघड्या हाताने धरलं. डोळे आपोआप मिटले त्याचे. आणि लगेच उघडले. त्याच्या बोटांखाली माझा एक पीळ सुटला. मग दुसरा.

"दोरावर भार टाकू नकोस," तो म्हणाला. "नुसता हात ठेव. मी येतो."

पण एकट्याचा हात तिच्यापर्यंत पोहोचणार नव्हता. त्याने मागे वळून आरडाओरडा केला, "हात धरा! एकमेकांचे हात धरा सगळ्यांनी!"

आणि त्यांनी धरले. झाडाला मिठी मारून ड्रायव्हरकाका उभे राहिले. त्यांच्या घामेजल्या मनगटाला गॉगलवालीने पकडलं, तिचा दुसरा हात एका जाडजूड आजोबांनी, आणि पुढे एकेक जण पाण्यात उतरत गेला. मसाल्याचे, मलमाचे, नाकातले, झुडपामागचे. त्यातला एकही हात धुतलेला नव्हता. ती साखळी वहिनीकडे सरकत गेली. शेवटी कप्तान, एका हातात मोजा, एक उघडा.

"सोड त्याला. माझा हात धर."

तिने मला सोडलं. त्याच क्षणी मी तुटलो. खरं सांगतो, मी जमेल तेवढा थांबलो होतो. साखळी एकदा खाली ओढली गेली, कुणीतरी किंचाळलं, कुणाचे पाय उखडले, पण एकही हात सुटला नाही. वहिनी काठावर आली आणि चिखलात बसून रडली.

"मीच केलं हे," ती म्हणाली. "चांगलं व्हावं म्हणून केलं."

"मी सांगितलं म्हणून केलंस," कप्तान म्हणाला. गॉगलवालीने पर्समधून बाटली काढली आणि ड्रायव्हरकाकांना धरलेला हात कोपरापर्यंत चोळून काढला. मी अजून झाडाला लोंबकळत होतो, मी पाहिलं.

मग कप्तानाने मला झाडावरून सोडलं. वहिनी म्हणाली, "घरी नेऊ या." मागून कुणीतरी म्हणालं, "टाका हो इथेच. आता काय उपयोग?" कप्तानाला माझ्याकडे बघवत नव्हतं. त्याने मला पाण्यात फेकलं.

दगडांवरून आपटत मी खाली आलो. इथे ओढा वळतो आणि एक पाणथळ खबदाड आहे. तुम्ही इथे कधी येत नाही, कारण इथे डोह नाही आणि फोटोही चांगले येत नाहीत. पण तुमचे सगळे रविवार इथेच येतात. कागदी रुमाल. बाळांचे फुगलेले लंगोट. थर्माकोलच्या ताटल्या, त्यांत शिजून हिरवा झालेला भात. एकच चप्पल. बाटल्या, अर्ध्या भरलेल्या, आणि आत नेमकं काय आहे हे विचारू नका. सगळ्याच्या वर साय धरलेली आहे. माझ्या आत अळ्या राहतात. पांढऱ्या आहेत, अगदी स्वच्छ.

वर परवा शिट्टी ऐकू आली. नवा दोर आलाय म्हणे, निळा.

मित्रांनो, किळस वाईट नसते. मलाही आयुष्यभर तिच्याशिवाय काही वाटलं नाही. पण तुम्ही ती फार लवकर संपवता. काळ्या दोरावर संपवता, दुसऱ्याच्या घामावर संपवता, आणि इथपर्यंत पोहोचायला ती शिल्लकच राहत नाही.

म्हणून एकच मागतो. ओढा उतरण्याआधी त्या निळ्या दोरावरून हात फिरवा. सबंध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, मोज्याशिवाय. हाताला घाण लागेल.

लागू द्या.