कपाटामागची ओल

हे लिहायचं जवळजवळ टाळलंच होतं, कारण गोष्टीतल्या आईला वाचता येतं.

साईराजने बेडरूमचं दार ढकललं, तर आतून कडी.

"आई, खिडकी तरी उघड."

"वारा लागेल पोरीला. झालंच माझं," आतून सरोजाबाई खोकत म्हणाल्या.

दाराखालून धूर बाहेर येत होता. गॅसवर करवंटी पेटवायची, निखारे धुपाटण्यात घ्यायचे, वर ओवा, वेखंड आणि लसणाची सालं टाकायची, आणि न्हाऊन आलेल्या नातीला त्या धुरावर धरायचं. नात झाली त्याच आठवड्यात आई रत्नागिरीहून भाईंदरला आली, तेव्हापासून रोज धुरी. आणि तेव्हापासूनच पोरीची छाती घुरघुरत होती.

घरात कुणी सिगारेट ओढतं का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. साईराज आणि स्वप्नाली, नवरा-बायको दोघंही एकदमच नाही म्हणाले होते. मग त्यांनी पडदे काढले, गादी बदलली, मच्छरची कॉइल बंद केली, हवा शुद्ध करायचं मशीन आणलं. मशीनचा दिवा रोज सकाळी लाल व्हायचा आणि साईराज रोज त्याची जाळी धुवायचा. धुरी म्हणजे औषध. तिला धूर म्हणून कुणी मोजलंच नव्हतं.

काल खालच्या मजल्यावरचा नीलेश, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, दारातच थबकला.

"अबे, आग लागली काय तुझ्या घरात? आणि पोरगी आतच आहे?"

आज सकाळी साईराजने डॉक्टरांना फोन केला. आजच्या आज बंद करा, त्या म्हणाल्या.

पण आईला सांगायचं कसं? त्याच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. काही महिन्यांचा असताना, गावच्या घरी बाळंतिणीच्या बंद खोलीत, रोजच्या धुरीत, धाप लागून गेला. पितृपक्षात कावळ्यासाठी पान ठेवताना आई अजून त्याच्या नावाने दूधभाताचा एक छोटा घास वेगळा काढते. धूर वाईट म्हटलं, की ती थेट त्या खोलीत जाऊन पोचणार.

कडी निघाली. लाल डोळ्यांनी आई बाहेर आली, खांद्यावर पोर घुरघुरत होती.

"आई, धुरी बंद करावी लागेल. सोसायटीवाले बोंब मारतायत. वरच्यांकडे धूर जातो."

"त्यांची फोडणी आमच्या नाकात जाते ती चालते?"

"नोटीस देतील गं."

"देऊ देत. फ्रेम करून लाव." पण तिने धुपाटणं मोरीत नेऊन विझवलं.

दुसऱ्या दिवसापासून खिडकी उघडी राहायला लागली. हळूहळू घुरघुर कमी झाली. स्वप्नाली हसायला लागली. साईराजला मात्र धड जेवण जात नव्हतं. आई पोरीच्या छातीला कान लावून बसायची. बराच वेळ.

रविवारी नीलेश चहाला आला. आईने कप पुढे केला, त्याने धरला, पण तिने सोडलाच नाही.

"नीलेश, हा आमचा बाबू मला बरं वाटावं म्हणून कायपण सांगेल. तू सांग. धुरी बंद केली आणि पोर शांत झाली. आमच्या मोठ्याचं पण असंच घुरघुरायचं रे. गेला तो. धुरानेच झालं का ते?"

नीलेशला मोठ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. त्याने साईराजकडे बघितलं. साईराज हातातल्या बिस्किटाचे तुकडे करत होता, तुकड्यांचे अजून तुकडे.

"छे, काकी," नीलेश म्हणाला. "ओल आहे तुमच्याकडे. खाडी किती जवळ आहे, बघता ना. त्या कपाटामागे असणार. बंद खोलीत बुरशी कोंडते. आता खिडकी उघडी असते, म्हणून बरं वाटतंय तिला."

आईने कप सोडला. उठली आणि बेडरूममध्ये गेली. दोघंही तिच्यामागे दारापर्यंत गेले.

तिने कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत हात घातला, पार खांद्यापर्यंत. ती भिंत पश्चिमेची, दुपारभर तापणारी. कोरडी ठणठणीत. आई गाल कपाटाला टेकवून तशीच उभी राहिली, आत तिचा हात भिंतीवर फिरत असल्याचा आवाज येत होता. मग तिने हात बाहेर काढला. तळव्याला रंगाची कोरडी, पांढरी भुकटी लागली होती. तिने ती पदराला पुसली.

"हो रे," ती म्हणाली. "केवढी ओल ती. बाबू, इतके दिवस तुला कळलं नाही?"

मग नातीला उचलून ती उघड्या खिडकीशी जाऊन उभी राहिली, त्यांच्याकडे पाठ करून.

साईराज नीलेशला लिफ्टपर्यंत सोडायला आला.

"चुकलो काय यार? तोंडात आलं ते बोललो."

"नाही."

"भिंत कोरडी आहे ना?"

साईराजने लिफ्टचं बटन दाबलं. पेटलेलंच होतं, तरी पुन्हा दाबलं.

"वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतो," तो म्हणाला. "कपाट हलवून अख्खी भिंत करून घेतो, आईच्या समोर. प्रॉमिस."