टिनातली देवी

सानगडीत कौशल्याबाईंच्या फाटकाशी चपलांचा ढीग पडला होता. आत अनवाणी माणसं चिखलात रांग लावून उभी होती. ज्याची पाळी येई तो छताच्या टिनाची कड बोटाने शिवे, "आई गं!" म्हणून हात झटके आणि टिनात देवी आल्याचं सांगणाऱ्या बुवाच्या पायांवर डोकं ठेवी.

"चटका लागला? मंग पाप हाये तुया अंगात!" तंबाखूचा खर्रा चघळून लाल झालेले दात दाखवत बुवा म्हणे. मग ओट्यावर कोरड्या लाकडी खडावांवर उभा राहून स्वतः टिनावर पंजा ठेवी. "पाहा, मले काही होत नाई. पुण्यवंताले देवी कायले मारन?"

गुंजनला शिसारी आली. ती कौशल्याबाईंची पुतणी, नुकतीच पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली. वादळाने मोठ्या आईचं घर उघडं पडल्याचं कळताच ती भंडाऱ्याहून ताडपत्री घेऊन आली होती. पण ताडपत्री दारातच पडून होती. देवीच्या डोक्यावर ती टाकायची नाही, अशी बुवाची ताकीद होती. घरात प्रत्येक गळक्या जागेखाली भांडं, आणि एकुलत्या कोरड्या कोपऱ्यात सात महिन्यांची गरोदर सून, रेणू.

"गुंजन, बुवा म्हणतात माह्या पोटातल्यावर देवीचा कोप हाये," रेणू पुटपुटली. "वल्या अंगानं दोन्ही हातांनी टिन धरा लागते म्हणे."

"कधी?"

"आताच. आई पानी काढून राहिल्या."

विहिरीवर कौशल्याबाई बादली भरत होत्या. गुंजन धावली.

"मोठी आई, देवी कधी आली वो?"

"परवा संध्याकाळी."

"अन् वादळात गेलेली लाईन कधी आली?"

"तेबी परवाच, संध्याकाळी." बाई चिडल्या. "मधात काय लाईन घेऊन बसली?"

"काल दुपारी लाईन गेली, तवा देवी होती?"

"नोती. बुवा म्हने, जेवाले गेली."

"अन् लाईन आल्यावर जेवून आली?"

बाईंचा हात दोरावर थांबला. गुंजनने तेवढ्यात लाईनमन वीरेंद्रला फोन लावला. मीटरचं बटण दाबून भागणार नव्हतं. खांबावरून येणारी तार मीटरच्या आधीच छताला टेकत असली, तर लाईन डीपीवरूनच, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतूनच, बंद करावी लागणार होती.

वीरेंद्र येईस्तोवर ती रेणूपुढे आडवी उभी राहिली. "बुवा, आधी तुमी खडावा काढा. मंग शिवा."

रांगेत खसखस पिकली. बुवाने पाय आणखी घट्ट रोवले. "साधू खडावा काढत नसते, पोरी!"

म्हणजे याला माहीत होतं. कोरडं लाकूड वीज जमिनीत जाऊ देत नाही. अनवाणी ओला माणूस मात्र तिला थेट वाट करून देतो. आतापर्यंत तार जेमतेम टेकत होती, म्हणून नुसता चटका. आभाळ परत भरून आलं होतं. टिन भिजलं असतं, तर ओल्या रेणूने धरलेली कड तिच्या हातून सुटलीच नसती.

वीरेंद्र आला आणि रबरी बूट घालून त्याने टिनाला टेस्टर टेकवला. दिवा लाल पेटला. रांग मागे सरकली. त्याने डीपीपाशी थांबलेल्या माणसाला फोन केला, डीपी बंद झाली, दिवा विझला. खात्री झाल्यावर गुंजनने चपला काढल्या आणि दोन्ही हातांनी टिन धरलं. काही झालं नाही.

"देवी रुसली!" बुवा ओरडला.

"तारीचं सालपट निंगालं हाये, बुवा," शिडीवरून वीरेंद्र म्हणाला. "उडालेल्या टिनानं कापलं. या वर, देवी दाखवतो."

बुवा वर गेला नाही. फाटकाकडे गेला, आणि त्या चिखलात खडावांनी धड पळताही येईना.

तार टिनापासून दूर बांधली गेली, ताडपत्री चढली. गुंजनने रांगेला सांगितलं, "वादळानंतर छताले, भिंतीले शिवून झिणझिण्या आल्या तर हात जोडू नका, हात काढा. लाईनमनले बोलवा. तोवर चपला पायातच ठेवा."

कौशल्याबाई भरलेल्या बादलीकडे पाहत होत्या. सुनेच्या अंगावर ओतायला त्यांनी ती स्वतः भरली होती. त्यांनी ती लाथेने उलथवली, ढिगातून आपल्या चपला शोधल्या आणि पायात घातल्या.