टाकीतले गप्पी

दौलतने पिशवीची गाठ दाताने सोडली आणि आतलं पाणी माशांसकट काचेच्या टाकीत ओतलं. तळाशी आडवे पडलेले सात मासे त्याने आधीच जाळीने काढून वर्तमानपत्रात बांधले होते. ती पुडी कचऱ्यात टाकायला तो वळला, तेव्हा मागे नीरजा उभी होती.

"आज लवकर, मॅडम?"

"हे काय चाललंय, दौलतकाका?"

"मासे बदलतोय," तो म्हणाला. पाण्याच्या पिंपातलं पाणी बदलतोय म्हणावं, इतक्या सहज.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या या रंगांच्या कारखान्यात नीरजा तीन वर्षं पर्यावरण अधिकारी होती. सांडपाणी शुद्ध करायचं आणि नाल्यात सोडण्याआधी या टाकीतून न्यायचं; मासे जगले म्हणजे पाणी चांगलं, अशी रीत. आकडे वाचायचा कंटाळा असलेल्या माणसालाही पटणारा पुरावा. तिच्या वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर दोन वर्षं याच टाकीचा फोटो होता. ठाण्याला त्या अहवालाचा गौरव झाला, तेव्हा तिच्या आईने झाडून सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं.

"कधीपासून बदलताय?"

"दिवाळीपासून. दर सोमवारी. ठाकुर्लीला एका विहिरीत मिळतात, गप्पी. गटारात पण जगतात हो ते. इथं चार दिवस काढतात, पाचव्याला आडवे."

"आणि मला सांगायचं नाही?"

दौलत खरोखरच गोंधळला. "मॅडम, सांडपाणी साफ व्हायला त्यात हवा सोडणारं मशीन बंद पडलं म्हणून मी कागद दिलेला तुम्हाला. तुम्ही म्हणालेलात, मार्चनंतर बघू, पण पाहुणे येतात, टाकीत मासे दिसले पाहिजेत. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंत."

कागद तिला आठवला. तेव्हा बाळकुमला झाडं लावायचा कार्यक्रम होता; पाहुण्यांच्या टोप्या, फलक, फोटोग्राफर, सगळं तिच्याच गळ्यात होतं. त्या गडबडीत ती जाता जाता बोलून गेली होती. वर सहज बोललेलं वाक्य खाली पोचेपर्यंत हुकूम होतं, एवढं साधं तिला कळलं नव्हतं. तिला लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली, आणि भीती जास्त आहे याची पुन्हा लाज.

अकरा वाजता परदेशी ग्राहकाचे तपासनीस यायचे होते. कारखान्याचा निम्मा माल तो ग्राहक घेत असे. ती तशीच वर मालकांच्या खोलीत गेली आणि त्र्यंबकरावांना सगळं सांगितलं, स्वतःकडे पडून राहिलेल्या कागदासकट.

त्र्यंबकरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कारखाना त्यांच्या वडिलांनी काढलेला. मोठ्याने बोलणं त्यांच्या घराण्यात नव्हतं.

"मशीन आजच्या आज मागवा," ते म्हणाले. "आणि हे लपवायचं नाही. आपण त्यांना स्वतःहून सांगू."

नीरजाच्या जिवात जीव आला. माणूस मोठा आहे, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

"फक्त नीट लिहा. अंतर्गत तपासणीत आढळलं, की एका कर्मचाऱ्याने परस्पर मासे बदलले. कंपनीने त्याला तत्काळ कामावरून दूर केलं. चूक स्वतः शोधून कबूल करणारी कंपनी या लोकांना आवडते."

"सर, पण त्यांनी कागद दिला होता. दहा महिन्यांत निवृत्त होतायत ते."

"कागदाचं लिहायचं असेल तर अवश्य लिहा. मग तो कोणाकडे पडून होता, हेही लिहावं लागेल." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "माझा कसलाच आग्रह नाही, नीरजाताई. चहा घेणार?"

वड्याचं तेल वांग्यावर काढायला आवाज चढवावा लागत नाही. तिने चहा घेतला, पूर्ण संपवला, आणि आपल्या जागेवर येऊन लिहायला बसली. मजकूर सरळ उतरत गेला. तीन वर्षांत हात बसला होता. कागदाचा उल्लेख एकदा लिहिला आणि एकदा पुसला. मग कर्मचाऱ्याच्या नावाचा रकाना आला, आणि तिच्या लक्षात आलं, की दौलतकाकांचं आडनाव तिला माहीत नाही.

ती खाली गेली. दौलत टाकीची काच पुसत होता.

"दौलतकाका, तुमचं पूर्ण नाव काय?"

"अहवालात घालायला?"

"हो."

त्याने फडकं खाली ठेवलं. "दौलत नाथा शिगवण." ती लिहीपर्यंत तो थांबला. "मागे तुम्ही कामगारांचं पान काढलेलंत ना, सगळ्यांच्या फोटोंचं, तेव्हा मी गावी गेलेलो. बायको अजून बोलते. एवढी वर्षं तिथं करता काय, म्हणते, तुमचं नाव नाही कुठं."

नीरजाने तोंड उघडलं. वर मालकांच्या खोलीची खिडकी उघडी होती. फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला आणि पहारेकरी धावला.

"आले वाटतं पाहुणे," दौलत म्हणाला. त्याने घाईघाईने शर्टाचं वरचं बटण लावलं, ओला हात केसांवरून फिरवला आणि टाकीला लागून ताठ उभा राहिला.

"इथंच काढताय ना?"

नीरजाने फोन वर धरला आणि त्याचा फोटो काढला.