फांद्या न फुटलेल्या पेशी

संकर्षणला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाला, ताप आला की महिनाभर हटत नाही, कारण त्याच्या रक्तात पहारेकरीच नाहीत. पहारेकरी म्हणजे फांद्या फुटलेल्या पेशी. शिरलेला जंतू पकडून त्या बाकीच्या फौजेला दाखवतात. अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपासून त्या घडतात. त्याच्या मूळ पेशी फांद्या फुटण्यापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून त्याच्या तोंडाला कायम मास्क, आणि उद्या आम्ही दोघं हैदराबादच्या दवाखान्यात भरती होणार होतो. माझ्या मूळ पेशी त्याला द्यायच्या होत्या.

आईचा आनंद विचारू नका. भावाबहिणीचं जुळलं, हे तिनं अख्ख्या हुमनाबादला सांगितलं, पत्रिका जुळल्यासारखं. मला साधं पडसंही होत नाही, याचीही जाहिरात केली. आठवडाभर मला डाळिंबं, बीट, खजूर चालू होतं. मला नुसता संताप येत होता.

मन थाऱ्यावर नव्हतं. हैदराबादेत मी ज्या प्रयोगशाळेत काम करते, तिथं दोन डिश ठेवल्या होत्या. एकीत त्याच्या मूळ पेशी, दुसरीत तुलनेला माझ्या. दोन्हींना फांद्या फुटाव्यात म्हणून दिलेलं खाद्य एकच. आज फोटो यायचे होते. मी घरातून गेटपर्यंत आणि गेटवरून घरात येरझाऱ्या घालत होते. हायवेवरच्या लॉऱ्यांचा आवाजही सोसवेना.

"प्रणिता, बस की एका जागी. कामून फिरायलीस?" बाबा म्हणाले.

तेवढ्यात सहकारी दानेश्वरीचे फोटो आले. दोन्हींत साबुदाण्यासारख्या गोल पेशी, फांदी एकीलाही नाही. एकच डिश दोनदा पाठवलीस म्हणून मी तिला वाटेल ते बोलले. तिनं दुसऱ्या डिशच्या झाकणाचा फोटो पाठवला. त्यावर माझं नाव, माझ्याच अक्षरात.

मी ओट्यावर बसले. मला भीती वाटली, आधी त्याच्यासाठी, मग स्वतःसाठी, आणि त्या दुसऱ्या भीतीची लाज वाटली.

बॅग भरून संकर्षण बाहेर आला. मी फोन त्याच्या हातात दिला.

"ह्यात माझा कोणता?"

"पहिला. दुसरा माझा."

त्यानं दोन्ही फोटो मोठे करून पाहिले, पुन्हा पाहिले. आतून आई डाळिंबाचा रस घेऊन येत होती. त्यानं बॅगेची चेन उघडली, नवा मास्क काढला आणि माझ्यापुढं धरला.

"घाल अक्का," तो म्हणाला.