डाळिंबाला खरा कागद

मोडनिंबच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच रावजीआप्पांची विहीर. ती त्यांच्या वडिलांनी खणलेली, त्यामुळे तिच्या पाण्याला नावं ठेवणं म्हणजे वडिलांना नावं ठेवणं, असा आप्पांचा सरळ हिशेब. पाणी पारखायचं त्यांचं मापही तसंच सरळ. डाळ शिजली की पाणी चांगलं.

उद्या नात आरोहीचं उष्टावण. सहा महिन्यांच्या पोरीच्या तोंडात पहिली खीर जायची ती याच पाण्यातली, असं आप्पांनी पाहुण्यांना फोन करकरून सांगितलेलं. आणि नेमका आज सुनेनं मोडता घातला. ग्रामपंचायतीनं पाणी तपासायला शिकवलेल्या पाच बायकांत अंकिता एक. तिनं नळीत विहिरीचं पाणी घेतलं, पुडी टाकली, पाणी गुलाबी झालं. नायट्रेट म्हणे. शेतातल्या खताचं अन् गोठ्यामागच्या उकिरड्याचं झिरपलेलं. तान्ह्या लेकरांना त्यानं धाप लागते, अंग निळं पडतं, आणि पाणी कितीही उकळलं तरी ते जात नाही. या पाण्यात खीर होणार नाही, असं तिनं सांगून टाकलं.

आप्पांनी वाद घातला नाही. संध्याकाळी पाहुणे जमल्यावर त्यांनी अंगणातच कुकर चढवला. तिसऱ्या शिट्टीला तुरीची डाळ लोण्यासारखी. अंकिताचे वडील, करकंबचे उदयसिंह, दोन वाट्या भुरकून म्हणाले की असलं पाणी आमच्याकडं नाही. आप्पांनी सुनेकडं पाहिलं, ते निवडून आलेल्या सरपंचासारखं.

अंकिता आत गेली आणि आप्पांचीच निळी फाईल घेऊन आली. डाळिंबाच्या बागेची. बागेसाठी आप्पा दरसाल विहिरीचं पाणी सोलापूरला प्रयोगशाळेत पाठवत आणि आलेला कागद पोथीसारखा जपत. यंदाच्या कागदाखाली त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पाण्यात नायट्रेट भरपूर, युरिया निम्माच टाकणे.

तिनं तो सासऱ्यांपुढं धरला.

"आप्पा, ह्यो कागद डाळिंबाला खरा, आन् आरोहीला खोटा व्हय?"

उदयसिंहांची तिसरी वाटी तोंडापाशीच थांबली. आप्पांनी कागद चष्मा लावून वाचला, मग चष्मा काढून वाचला. अक्षर तेच राहिलं. याच एका ओळीवर त्यांनी यंदा सहा पोती युरिया वाचवला होता, आणि तसं गावभर सांगितलंही होतं.

सकाळी आप्पा मोटारसायकलला फिल्टरच्या पाण्याचा जार बांधून मोडनिंबहून परतत होते. फाट्यावर शेजारच्या रानातल्या बिरुदेवानं गाडी अडवली. विहीर आटली का, म्हणून विचारलं.

आप्पांनी जारवर हात ठेवला. "आटतीय कशानं? आमचं पाणी लई ताकदीचं हाय गड्या. सा म्हयन्याच्या पोरीला झेपत न्हाय."

"आन् तुमाला झेपतंय व्हय?"

आप्पांनी किक मारली.

घरी जार उतरवून त्यांनी आधी स्वतःच तांब्याभर पाणी पिऊन पाहिलं. याला चव न्हाय, असं सुनेला ऐकू जाईल इतपत म्हणाले, आणि तांब्या पुन्हा भरून घेतला.