अपघात

"एवढा एकच शब्द, बौदी. ॲक्सिडेंट. तुम्ही दोघांनी कबूल केलंत की ते बॉडी सोडतील," जहाज कंपनीचे सेनबाबू मला, त्यांच्या बौदीला म्हणजे वहिनीला, हिंदीत समजावत होते.

ते म्हणजे ते बडं राष्ट्र. माझा विहंग मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. भर समुद्रात, कुणाच्याच हद्दीत नसताना, त्यांच्या युद्धनौकेनं नुसत्या संशयावरून क्षेपणास्त्र सोडलं. जहाजात गहू होता हो, गहू!

"चौकशी कोण करणार?" मी विचारलं.

"तेच."

"आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय?"

"ते त्याला मानत नाहीत, बौदी."

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या कुणी असं केलं की हेच कायद्याच्या नावानं आरमार घेऊन धावतात! आणि मी मूर्ख बाई, इथे बंगालमध्ये डमडमच्या शाळेत जन्मभर नागरिकशास्त्र शिकवत आले, कायद्यापुढे सगळे देश सारखे म्हणून. कसले सारखे, डोंबल! "मारलंय माझ्या पोराला," मी ओरडले. "ॲक्सिडेंट म्हणायला जीभ झडेल माझी!"

मनोहर, माझे यजमान, इतका वेळ खिडकीशी उभे होते. ते वळले आणि मराठीत म्हणाले, "अपघात म्हण, सुहासिनी. म्हणून टाक. पोराला घरी तरी आणू."

सेनबाबू ताडकन उठले. "ना ना दादा, अपघात बोलबेन ना! ओरा बॉडी छाड़बे ना!"

अपघात म्हणू नका, ते बॉडी सोडणार नाहीत म्हणे! मला काही कळेना. सेनबाबूंना हवं होतं तेच तर मनोहर बोलले होते! मग नूपुर पुढे आली. माझी मुलगी इथेच वाढली, मराठीपेक्षा बंगालीच जास्त बोलते. "आई, बंगालीत अपघात म्हणजे ॲक्सिडेंट नाही. म्हणजे... वाईट मरण. कुणी मारलं, तसं. सेनकाकूंना वाटलं, बाबा तेच म्हणतायत." काकांचं काकू झालं, पण हसायला कुणाला सुचतंय.

सेनबाबूंनी हात जोडले. "भूल करे बोलेछेन ना, दादा?" चुकून बोललात ना, असं ते काकुळतीनं विचारत होते.

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर विहंग घरी आला असता. मघाशी एवढी तणतणले मी, पण खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, यांनी हो म्हणावं.

"ना," मनोहर म्हणाले. "ठीकई बोलेछि. बरोबरच बोललोय. अपघातच."

सेनबाबू नमस्कार करून निघून गेले. मनोहर खुर्चीत बसले.

"नूपुर," ते म्हणाले, "शववाहिनीवाल्याला फोन कर. म्हणावं, इतक्यात नको."