सत्ताविसावा पाय

निशिगंधाने सव्विसावा पाय डाउनलोड केला, फोल्डरमध्ये टाकला आणि फोल्डरला नाव दिलं, 'संशयास्पद'.

सगळे पाय कागदावर काढलेले होते. कुणी वहीच्या पानावर, कुणी पुठ्ठ्यावर, एकाने तर चक्क सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर पाय ठेवून भोवती पेन्सिल फिरवली होती आणि त्याचा फोटो पेजवर टाकला होता. दिवसभर उभं राहून काम करणाऱ्यांसाठी बूट बनवणाऱ्या स्टुटगार्टमधल्या एका छोट्या कंपनीचं ते फेसबुक पेज, खास फिलिपिन्समधल्या लोकांसाठी काढलेलं. तिथली विक्री डिसेंबरात सुरू होणार होती, तोवर पेजवर माणसं जमवायची होती. ते काम तिथल्याच सेबू शहरात घरी बसून जोसलिन करत होती आणि जोसलिनवर लक्ष ठेवायचं काम स्टुटगार्टच्या ऑफिसातल्या निशिगंधाकडे होतं. ते ती जरा जास्तच मन लावून करत होती.

चार महिन्यांत नऊ हजार माणसं जमली, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. मग तिने खोदून पाहिलं. सगळ्यात जास्त बोलणारे लोक फिलिपिन्समधले नव्हतेच. ते होते स्टुटगार्ट, नेकारसुल्म, उल्म इथले. शिवाय ते लिहीत सकाळी सव्वासहाला, नाहीतर दुपारी सव्वादोनला, नाहीतर रात्री सव्वादहाला, अगदी घड्याळ लावल्यासारखे.

"जर्मनीत राहून फिलिपिन्सच्या पेजवर कोण पाय काढून टाकेल?" जेवताना तिने नवऱ्याला विचारलं.

"तू दुधाच्या खोक्यावरची तारीखही दोनदा वाचतेस," सुमित म्हणाला.

"आणि एकदा जुनं निघालं होतं. विसरलास?"

तो हसला, ती हसली नाही. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत साहेबांच्या सांगण्यावरून तिने स्वतः विकतची गर्दी जमवली होती. हजार लाइक, पाचशे कमेंट, सगळं घाऊक. ती लाज तिला अजून सोडत नव्हती. त्यात इथल्या नोकरीची प्रोबेत्साइट संपायला तीन आठवडे उरलेले. नोकरी पक्की होण्याआधीच्या या परीक्षेच्या काळात आपल्याला कुणी उल्लू बनवलं, हे तिला परवडणारं नव्हतं.

गुरुवारी तिने जोसलिनला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे मागे कुठेतरी कोंबडा आरवत होता.

"ही जर्मनीतली माणसं कोण आहेत, जोसलिन?"

"मॅम, तीच तर बूट घेणार आहेत."

"त्यांना घ्यायचेच असतील तर आपली जर्मन साइट आहे ना. मापाचा तक्तासुद्धा आहे तिथे."

जोसलिनने मान खाली घातली. "येस, मॅम."

"मग हे पाय कशाला?"

"मापं आहेत, मॅम."

"सव्वीस जणांना एकदम हेच सुचलं?"

"येस, मॅम."

त्या 'येस, मॅम'ने निशिगंधाचं डोकंच फिरलं. खरं बोलणारा माणूस भांडतो, आवाज चढवतो, असं तिचं मत होतं. ही बाई नुसती मान खाली घालून होकार देत होती.

त्याच संध्याकाळी तिने अकरा पानी अहवाल पाठवला. त्यात लिहिलं, 'विचारणा केली. खुलासा समाधानकारक नाही.' शुक्रवारी सकाळी तिचे जर्मन साहेब ब्रांडल अहवालाची पानं उलटत दोनदा "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणाले आणि दुपारपर्यंत जोसलिनचं काम बंद झालं. तिचं उत्तर लगेच आलं. दोन ओळी आभाराच्या आणि सोबत एक फाइल, 'माझ्यानंतर येणाऱ्यासाठी'. निशिगंधाने ती उघडली नाही. अशा माणसाची फाइल कोण उघडतं!

शनिवारी सकाळी पुण्याहून आईचा, कुंदाताईंचा, फोन आला.

"डिसेंबरात येताना बाबांना तुमच्या कंपनीचे बूट आण बाई. फोटो पाठवलाय, बघितलास का?"

"आई, नुसता नंबर सांग ना."

"नंबर कुठून सांगू? दहा वर्षं तीच सँडल घालतायत, आकडा केव्हाच झिजला. आणि डावा पाय सुजतो त्यांचा, ते तुझ्या नंबराला काय कळणार? कागदावर पाय ठेवून काढलंय मी. काका मस्कतहून बूट आणायचे तेव्हा नव्हतो का आपण पाकिटातून पाठवत? तुझाही पाय पाठवलाय तेव्हा, पिटुकला."

निशिगंधाने फोटो उघडला. कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू होती. पेन्सिलीची रेघ अंगठ्यापाशी थरथरली होती, कारण आईला आता फार वेळ वाकता येत नाही. शेजारी आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'यांचा डावा. हा जास्त सुजतो.'

"ऐकतेयस ना गं?" आई विचारत होती.

"ऐकतेय. करते नंतर फोन."

तिला खूप लाज वाटली. तिने फोन खाली ठेवला. मग तिने लॅपटॉप घेतला आणि जोसलिनची फाइल उघडली.

सव्वीस नावं होती. मारिबेल, स्टुटगार्ट, इस्पितळात नर्स. बूट वडिलांसाठी, पत्ता फिलिपिन्समधल्या इलोइलोचा, उजव्या पायाचं एक बोट नाही, पुढून मऊ लागेल. रोवेना, नेकारसुल्म, वृद्धाश्रमात कामाला. बूट आईसाठी, ती बाजारात उभी राहून मासे विकते, सदतीस नंबर. अशी एकेक ओळ. शेवटी लिहिलं होतं, 'जर्मनीत कामाला गेलेली ही आपल्याकडची मंडळी शिफ्ट सुटली की लिहितात. कामाच्या वेळात त्यांचे फोन लॉकरमध्ये असतात, तेव्हा उत्तराची घाई करू नये. पण उत्तर जरूर द्यावं. मी प्रत्येकाला शब्द दिला आहे.'

सुमित चहा घेऊन आला. तिच्याकडे बघून त्याने कप शेजारी ठेवला.

निशिगंधाने बाबांचा पाय फोल्डरमध्ये टाकला आणि जोसलिनच्या फाइलसकट अख्खा फोल्डर ब्रांडलना मेलला जोडला. वर लिहिलं, 'माझा अहवाल चुकीचा आहे. जोसलिन खरं सांगत होती, मी ऐकलं नाही. तिचं काम तिला परत द्यावं. सत्ताविसावा पाय माझ्या वडिलांचा आहे.' प्रोबेत्साइटचे किती दिवस राहिले ते तिला पाठ होतं. तिने मेल पाठवून दिली.

मग तिने सेबूला फोन लावला. बराच वेळ रिंग वाजली.

"येस, मॅम?"

माफी मागायची होती. वाक्य तयारही होतं. पण तिने आधी फोटो पाठवला.

"जोसलिन, हे माझे बाबा. पुण्यात असतात. यांना कुठला नंबर येईल?"

पलीकडे फोटो उघडायला वेळ लागत असावा. कोंबडा आरवला.

"डावा सुजलेला दिसतोय," जोसलिन म्हणाली. "माप सकाळी काढलंय की संध्याकाळी, मॅम?"